कायद्याच्या ग्रंथालयात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

ग्रंथालयशास्त्राची पदवी हातात असते, वर्गीकरण-तालिकीकरण येत असते, तरीही कायद्याच्या ग्रंथालयातले पहिले काही आठवडे गोंधळात जातात. इथे फारसे कोणी पुस्तक मागत नाही. "केशवानंद काढून ठेवा", "तीनशेदोनचं नवीन कलम कुठलं?", "ते प्रायव्हसीचं नऊ जजेसचं जजमेंट हवंय" अशा मागण्या येतात, आणि मागणाऱ्याची सुनावणी बऱ्याचदा त्याच दिवशी असते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. या कामात कायदा पाठ असण्याची गरज कमी आहे. कायदा कुठे छापला जातो, कधी लागू होतो, कसा बदलतो आणि रद्द झाल्यावर त्याच्या मजकुराचे काय होते, हे माहीत असण्याची गरज फार मोठी आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती फिरतात. उदाहरणे मला जवळची म्हणून बरीचशी भारतीय कायद्यातली आहेत. पद्धत मात्र कुठेही तीच.

१. ग्रंथालय कोणासाठी आहे ते ओळखा

न्यायालयाचे, विधी महाविद्यालयाचे, वकिलांच्या फर्मचे, वकील संघाचे आणि सर्वसामान्यांसाठी खुले असलेले ग्रंथालय यांत एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या पद्धतीने हात घालावा लागतो. न्यायाधीशांसाठी शोध घेताना दोन्ही बाजूंचे निकाल पुढे ठेवायचे असतात. फर्ममध्ये वेळ मोजला जातो आणि गोपनीयता कडक असते. महाविद्यालयात विद्यार्थ्याला उत्तर काढून देण्यापेक्षा ते कसे काढायचे हे दाखवायचे असते. खुल्या ग्रंथालयात स्वतःची केस स्वतः लढणारा माणूस समोर येतो, त्याच्याबद्दल पुढे बोलू.

पात्रतेबद्दल एवढेच: अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांत संदर्भ-ग्रंथपालाकडे कायदा आणि ग्रंथालयशास्त्र या दोन्ही पदव्या असणे सर्रास दिसते. इतर बऱ्याच ठिकाणी ग्रंथालयशास्त्र पुरते आणि कायद्याची ओळख काम करता करता होते. कायद्याची पदवी नाही म्हणून बिचकू नका.

२. हाताशी काय काय हवे

पहिल्या आठवड्यात एवढ्या गोष्टी कुठे आहेत ते पाहून घ्या. नसतील तर मागणी नोंदवा.

- राजपत्र पाहण्याची सोय. कायदा, नियम, अधिसूचना या सगळ्यांचे मूळ इथे असते.
- कायद्यांच्या अधिकृत मजकुराचा संग्रह. भारतात इंडिया कोड, ब्रिटनमध्ये सरकारी लेजिस्लेशन संकेतस्थळ.
- चालू बेअर अॅक्ट (म्हणजे टीकेविना फक्त कायद्याचा मजकूर छापलेली पुस्तके) आणि प्रमुख कायद्यांवरच्या टीका-ग्रंथांची ताजी आवृत्ती.
- न्यायालयांचे निकाल छापणारे अधिकृत लॉ रिपोर्ट आणि तेच काम करणारी खासगी प्रकाशकांची जर्नल्स. दोन्ही लागतात.
- निकाल पुढे कोणी मानला, कोणी फिरवला हे दाखवणारी निदान एक सशुल्क डेटाबेस-सेवा.
- जर्नलांच्या संक्षेपांची यादी. कार्डिफ विद्यापीठाची संक्षेप-सूची मोफत आहे आणि जगभरातल्या जर्नलांसाठी चालते.
- जुनी कलमे आणि नवी कलमे समोरासमोर दाखवणारा तुलना-तक्ता.
- प्रश्नांची नोंदवही. ही तुम्हालाच सुरू करावी लागेल, तयार मिळणार नाही.

३. शोधायला धावण्याआधी चार गोष्टी विचारा

घाईतला वकील "पटकन द्या" म्हणतो तेव्हा उलट प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तरी विचारा. कुठल्या देशाचा किंवा राज्याचा कायदा? कुठल्या तारखेचा? आधी काय पाहिले आहे? आणि हे न्यायालयात दाखल करायचे आहे की फक्त समजून घ्यायचे आहे?

यातला तारखेचा प्रश्न नवे लोक हमखास विसरतात. भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते आता १०३ झाले. फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये गेले. पण गुन्हा त्या तारखेच्या आधी घडला असेल तर जुनीच संहिता लागते. म्हणजे "तीनशेदोन द्या" या मागणीला घटनेची तारीख कळेपर्यंत उत्तरच नाही. आणखी गंमत अशी की नव्या संहितेतही ३०२ क्रमांकाचे कलम आहेच. ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने केलेल्या उच्चारांबद्दल आहे. आकडा ऐकून पान उघडून दिले तर कायदा खरा, पान खरे आणि उत्तर साफ चुकीचे.

"आधी काय पाहिले" हा प्रश्नही कमी महत्त्वाचा नाही. समोरच्याने एक तास घालवून जे तपासले तेच आपण पुन्हा तपासत बसतो, आणि तो सभ्यपणे गप्प राहतो.

४. छापलेला मजकूर लागू आहे का ते पाहा

कायदा मंजूर होणे, त्याला संमती मिळणे आणि तो अंमलात येणे या तीन वेगळ्या घटना आहेत. बऱ्याच कायद्यांत "शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या तारखेपासून" असे लिहिलेले असते, आणि ती अधिसूचना निघायला महिने लागू शकतात किंवा ती निघतच नाही. दिल्ली भाडे अधिनियम, १९९५ याचे ठळक उदाहरण आहे: संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण तो अंमलात आणणारी अधिसूचना निघाली नाही. ब्रिटनमध्ये ईस्टरची तारीख निश्चित करणारा १९२८चा कायदा असाच कागदावर बसून आहे.

उलट बाजूही तितकीच फसवी. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात घटनाबाह्य ठरवले. पण न्यायालय एखादे कलम रद्द ठरवते तेव्हा पुस्तकातला मजकूर आपोआप पुसला जात नाही. तो काढायचा तर विधिमंडळाने दुरुस्ती करावी लागते. त्यामुळे पुढची कित्येक वर्षे बेअर अॅक्टमध्ये ६६अ दिसत राहिले, फार तर खाली बारीक टीप. त्या कलमाखाली नवे गुन्हेही नोंदवले जात राहिले, आणि २०२१ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आश्चर्य व्यक्त केले. ज्या ग्रंथपालाने तळटीप वाचली त्याने कोणाचे तरी मोठे नुकसान वाचवले असेल.

म्हणून मजकूर देण्याआधी तीन जागा पाहायच्या: अंमलाची अधिसूचना, शेवटच्या दुरुस्तीची तारीख, आणि तळटिपा. देताना तोंडाने सांगा, "हा अमुक तारखेपर्यंत सुधारलेला मजकूर आहे." बेअर अॅक्टच्या मुखपृष्ठावरचे वर्ष हे छपाईचे वर्ष असते, त्यावर विसंबू नका.

५. सायटेशन वाचायला शिका

सायटेशन म्हणजे निकाल कुठे छापला आहे त्याचा पत्ता. ते वाचणे अवघड नाही, फक्त सवय लागते. एकच निकाल अनेक जर्नलांत छापला जातो, म्हणून त्याला अनेक सायटेशन असतात. केशवानंद भारती प्रकरण 'एआयआर १९७३ एससी १४६१' (एआयआर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, एससी म्हणजे सर्वोच्च न्यायालय) आणि '(१९७३) ४ एससीसी २२५' (एससीसी म्हणजे सुप्रीम कोर्ट केसेस) या दोन्ही ठिकाणी आहे. पहिल्यात वर्ष, न्यायालय आणि पान. दुसऱ्यात वर्ष, खंड आणि पान. दोन वकील दोन सायटेशन घेऊन आले म्हणजे दोन निकाल असतीलच असे नाही.

प्रकाशकावर अवलंबून नसलेले न्यूट्रल सायटेशन हे त्यावरचे उत्तर. इंग्लंडमध्ये ते २००१ पासून सुरू झाले, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वीकारले. ते न्यायालयच देते, त्यामुळे कुठल्याही डेटाबेसमध्ये चालते. मिळेल तिथे तुमच्या नोंदीत तेच आधी लिहा.

कंसांचा एक सापळा आहे. ब्रिटिश पद्धतीत वर्ष चौकोनी कंसात असेल तर खंड शोधायला ते वर्ष आवश्यक असते. गोल कंसात असेल तर खंडांचे क्रमांक सलग चालतात आणि वर्ष केवळ माहितीसाठी असते. हा नियम पाठ करून भारतीय कपाटांसमोर उभे राहिलात तर फसाल. एससीसीचे वर्ष गोल कंसात असते आणि तरीही त्यावाचून खंड सापडत नाही, कारण तिथे दरवर्षी खंड एकपासून सुरू होतात.

६. निकाल आजही टिकून आहे का?

माझ्या मते या कामाचा गाभा इथे आहे. निकाल शोधून देणे आता कोणालाही जमते. तो आजही आधार म्हणून वापरता येतो का, हे सांगायला माणूस लागतो.

ही गरज फार जुनी आहे. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ मध्ये डिंक लावलेल्या कागदाच्या पट्ट्या विकायला सुरुवात केली. वकील त्या रिपोर्टमधल्या निकालाच्या समासात चिकटवत, आणि तो निकाल पुढे कुठे उल्लेखला गेला ते तिथेच दिसे. आजच्या डेटाबेसमधली लाल-पिवळी निशाणे याच पट्ट्यांची नातवंडे.

निशाणावर थांबू नका. एका निकालात पाच मुद्दे असतात. लाल खूण त्यातल्या एकाच मुद्द्यासाठी असू शकते आणि तुमच्या वाचकाला हवा असलेला मुद्दा शाबूत असू शकतो. ज्या निकालाने फिरवले तो उघडून संबंधित परिच्छेद वाचायलाच हवा. उलट, निशाण नाही म्हणजे सगळे ठीक असेही नाही. निकालाचा परिणाम न्यायालयाबाहेरूनही पुसला जातो. आणीबाणीतला एडीएम जबलपूरचा निकाल (१९७६) हे याचे उत्तम उदाहरण. आणीबाणीत जगण्याच्या हक्कासाठीही न्यायालयाचे दार बंद राहू शकते, असा त्या निकालाचा परिणाम होता. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही थांबवता येणार नाही अशी तरतूद केली. निकाल स्पष्ट शब्दांत फिरवला गेला तो मात्र २०१७ मध्ये, पुट्टस्वामी प्रकरणात (सुरुवातीला उल्लेखलेले 'प्रायव्हसीचं नऊ जजेसचं जजमेंट' ते हेच). मधल्या काळात फक्त निकालांची साखळी तपासणाऱ्याला अर्धेच चित्र दिसले असते. म्हणून निकाल तपासताना त्याने ज्या कलमाचा अर्थ लावला ते कलम नंतर बदलले का, हेही पाहा.

७. एआयने दिलेले सायटेशन

हा भाग काही वर्षांपूर्वी लिहावा लागला नसता. आता दर आठवड्याला कोणीतरी असे सायटेशन घेऊन येतो जे कुठल्याच कपाटात नाही. पक्षकारांची नावे खरी वाटतात, वर्ष खरे वाटते, न्यायालय योग्य असते. निकालच अस्तित्वात नसतो.

न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयातले माटा विरुद्ध एव्हियांका हे २०२३चे प्रकरण वाचकांना सांगण्यासारखे आहे. वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निकाल दाखल केले, न्यायालयाने प्रती मागितल्यावर रचलेला मजकूरही सादर केला, आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. केवळ मोफत साधनांचा हा दोष नाही. खास कायद्यासाठी बनवलेली व्यावसायिक एआय साधनेही १७ ते ३३ टक्के वेळा चुकीची किंवा आधार नसलेली उत्तरे देतात, असे स्टॅनफर्डच्या संशोधकांना २०२४ मध्ये आढळले.

सायटेशन सापडले नाही की आधी टंकनाची चूक गृहीत धरा. खंड आणि पान उलटे झालेत का, वर्ष एकाने मागे-पुढे आहे का, पक्षकारांच्या नावाने काही मिळते का ते पाहा. मग न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधा. तरीही नाही, तर विचारा, "हे सायटेशन कुठून मिळालं?" या प्रश्नात आरोपाचा सूर येऊ देऊ नका. समोरचा ज्येष्ठ असेल तर बाकीच्यांसमोर विचारू नका. उत्तर देताना "असा निकाल नाही" म्हणू नका. "या या ठिकाणी पाहिले, मिळाला नाही" म्हणा. ते जास्त खरे आहे, आणि तुम्हालाही सोयीचे आहे.

८. माहिती द्या, सल्ला देऊ नका

स्वतःची केस लढणारा माणूस विचारतो, "साहेब, मग मी अपील करू का?" तो घाबरलेला असतो, तुम्हाला उत्तर साधारण माहीतही असते. तरी नाही. अपिलाची तरतूद कुठे आहे, मुदतीचे कलम कुठले, अर्जाचा नमुना कुठे मिळतो, मोफत विधी सेवा कोण देते, एवढे सगळे दाखवा. ते कलम त्याच्या प्रकरणाला लागू होते की नाही हे सांगणे वकिलाचे काम आहे, आणि चुकलात तर किंमत तो मोजणार आहे.

रेषा नेहमी स्पष्ट नसते. मला उपयोगी पडलेली कसोटी अशी: उत्तर देण्यासाठी समोरच्याच्या आयुष्यातले तपशील कायद्याशी जोडावे लागत असतील, तर थांबायचे. "हे पान वाचा आणि वकिलांना हा प्रश्न विचारा" असे म्हणून तो प्रश्न कागदावर लिहून दिला, तरी माणूस रिकाम्या हाताने जात नाही.

गोपनीयता याच पायरीत येते. एकाच खटल्यातले दोन विरोधी वकील एकाच दिवशी तेच जर्नल मागतात. दुसऱ्याला "आत्ताच अमुक साहेब घेऊन गेले" असे सहज बोलून जाणे ही गंभीर चूक आहे.

९. झेरॉक्स देण्याआधी

निकालाचा मूळ मजकूर आणि प्रकाशकाने त्यावर केलेले काम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने निकालाच्या मूळ मजकुरावर प्रकाशकाचा हक्क मानला नाही, पण संपादकांनी स्वतः लिहिलेल्या हेडनोट्सना (निकालाच्या सुरुवातीला दिलेल्या सारांश-टिपांना) आणि काही संपादकीय कामाला संरक्षण दिले. म्हणून शक्य तिथे न्यायालयाच्या संकेतस्थळावरची प्रत द्या. कॅनडात ओंटारिओच्या वकील संस्थेच्या ग्रंथालयावर कायद्याच्या प्रकाशकांनी झेरॉक्स-सेवेवरून दावा लावला होता. २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रंथालयाच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यात ग्रंथालयाचे लेखी धोरण कामी आले. तुमच्याकडे असे धोरण नसेल तर एका पानाचे तरी करून घ्या. डेटाबेसच्या करारातल्या अटी वेगळ्या असतात, त्या स्वतंत्र वाचा.

१०. जुन्या आवृत्त्या रद्दीत घालू नका

इतर ग्रंथालयांत नवी आवृत्ती आली की जुनी काढणे शहाणपणाचे असते. इथे २०१० मधल्या करारावरचा वाद आज चालू असतो आणि वकिलाला २०१०चा मजकूर हवा असतो. सुट्या पानांची जी प्रकाशने येतात त्यांत नवी पाने घालताना काढलेली पाने वर्षवार गठ्ठा बांधून ठेवा. जागा नसेल तर निदान मुख्य कायद्यांची ठेवा.

११. शोधाची वाट लिहून ठेवा

नोंदवहीत प्रश्न, कुठे कुठे पाहिले, काय मिळाले, काय नाही मिळाले आणि तारीख. "काय नाही मिळाले" हा रकाना लोक गाळतात आणि तोच पुढच्या वेळी तास वाचवतो. तेच ते प्रश्न येऊ लागले की त्यावर एक-दोन पानांची मार्गदर्शिका करा: भाडेकरार, माहिती अधिकार, चेक न वटणे. प्रत्येक पानावर "तपासल्याची तारीख" ठळक हवी. तारीख नसलेली मार्गदर्शिका नसलेली बरी.

दुव्यांवर भरवसा ठेवू नका. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या एका अभ्यासात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमधले निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत नेत नसल्याचे दिसले. त्याच अडचणीवर हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाने पर्मा हे साधन २०१३ मध्ये सुरू केले. ते पानाची प्रत कायमची जतन करून वेगळा दुवा देते. ते नसेल तर पानाची पीडीएफ करा आणि नावात तारीख घाला.

१२. व्यवसायबंधूंची ओळख करून घ्या

या व्यवसायात बहुतेक जण एकटे असतात. अख्ख्या संस्थेत कायद्याचा ग्रंथपाल एकच. त्यामुळेच हे लोक एकमेकांना विचारण्यात तरबेज आहेत. अमेरिकेतली विधी ग्रंथपालांची संघटना १९०६ पासून आहे, ब्रिटन-आयर्लंडची १९६९ पासून, आणि आंतरराष्ट्रीय संघटना १९५९ पासून. कायदा सर्वांना मोफत मिळावा म्हणून चाललेल्या कामाचाही याच वर्तुळाशी जवळचा संबंध आहे. कॉर्नेल विद्यापीठाची विधी माहिती संस्था १९९२ मध्ये सुरू झाली, ऑस्ट्रेलियात, ब्रिटनमध्ये, कॅनडात तशाच संस्था उभ्या राहिल्या. परदेशी कायद्याचा प्रश्न आला तर न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ग्लोबलेक्सवर त्या देशाची मार्गदर्शिका आधी वाचा. फ्रान्ससारख्या देशात निकालापेक्षा संहितेचे वजन जास्त असते, हे कळल्याशिवाय तिथले निकाल शोधत बसण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या ग्रंथपालाला मदत मागताना पूर्ण सायटेशन द्या, ते कुठून मिळाले ते सांगा, कुठे पाहून झाले ते लिहा आणि कधीपर्यंत हवे ते स्पष्ट कळवा. "अर्जंट" एवढाच शब्द लिहिलेल्या पत्रांना उत्तरे उशिरा येतात. उत्तर मिळाले की शेवटी काय सापडले ते त्याला परत कळवा, म्हणजे त्याच्याही नोंदवहीत ते जाईल.